सौ. चंद्राबाईंचा पास

गेली दोन वर्षं मी शहाडच्या पुढे, नदीच्या अंगाला असलेल्या एका थीम पार्कमध्ये 'सौ. चंद्राबाई गजानन भोईर' या नावाने प्रवेश करतो. मला मिशा आहेत. पासवरच्या फोटोत नथ आहे. तरीही फाटकावरचा रखवालदार पास मशीनला लावतो, माझ्याकडे गंभीरपणे बघतो आणि म्हणतो, "या काकी."

ह्या फसवणुकीचा सूत्रधार माझ्या पुढे चार पावलं चालत असतो. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि काखेत छत्री. गजानन भोईर, म्हणजे आमचे गजादादा. वय सत्तरीच्या पुढे. कल्याणला आमच्या समोरच्याच दारात राहतात. फाटकावरचा तो रखवालदार त्यांचा सख्खा पुतण्या, त्यामुळे माझ्या मिशांची अडचण येत नाही.

हे पार्क उभं आहे ती जमीन भोईरांची. पाच भावांनी एकदमच विकली. चौघांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले, एकाने तर बंगल्याच्या गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी बसवली. गजादादांनी कल्याणला एक साधा फ्लॅट घेतला आणि सौद्यात एक अट घातली. पार्क होईल तेव्हा मला आणि बायकोला मरेपर्यंत फुकट आत सोडायचं. "कागदावर लिवून घेतला," असं ते अजूनही छाती काढून सांगतात.

मी त्यांना एकदा विचारलं, "दादा, ह्या वयात हे पाळणे कशाला?"

"मास्तर, जमीन इकली म्हनून काय झाला? तिच्यावर कोन काय पिकवतंय ते बगायला नको?"

आणि ते खरोखरच बघतात. पार्कमध्ये नवीन काही लागलं की पहिल्या दिवशी, पहिल्या फेरीला, पहिल्या बाकावर गजादादा असतात. राइडची ती लांबलचक इंग्रजी नावं ते कधी उच्चारत नाहीत. त्यांच्या लेखी ती सगळी शेतंच आहेत, लांबटा, कोंडी अशा जुन्या नावांची. "लांबट्यावर यंदा उलटा पालना आलाय." "कोंडीत पान्याची घसरगुंडी केली, ती बराबर केली, तितं पानी पयल्यापासून लागतंय." उतरले की राइडकडे एकवार वळून बघतात आणि निकाल देतात. "पीक बरा हाय." नाहीतर, "पीक गेला."

माझी गोष्ट वेगळी. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मानपाड्याला रिक्षातून जायचं झालं तरी मला खिशात लिंबू ठेवावं लागतं. पण चंद्राबाई गेल्या आणि महिनाभराने गजादादा माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात दोन पास. म्हणाले, "मास्तर, तुमी रिटायर झालंव. एक पास वाया जातो. चला." मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, "कधी निघायचं?"

त्या लांबट्यावरच्या उलट्या पाळण्यात मी पहिल्यांदा बसलो तो दिवस मला आमरण आठवेल. पाय आभाळाकडे, डोकं जमिनीकडे, आणि यंत्र तिथेच थांबलं. थांबायचंच असतं म्हणे, त्यातच मजा असते. मला माझे सगळे पूर्वज दिसायला लागले. शेजारी गजादादा तसेच उलटे लटकलेले, टोपी दातात धरलेली. ती एका हाताने काढून दुसऱ्या हाताने मला दाखवतात, "मास्तर, तो बगा आमचा बांद! इतनं किती बेस दिसतो!"

"दादा, मी मरतोय."

"मरा, पन डोले उघडून मरा."

खाली उतरल्यावर मी एका कुंडीला धरून उभा होतो, तर त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. बाहेर पडायच्या वाटेवर एक लाल पेटी आहे. पाहुण्यांनी अभिप्राय लिहून त्यात टाकायचा. गजादादांचं अक्षर त्यांनाही लागत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे. मजकूर त्यांचा, शुद्धलेखन माझं. त्या दिवशीची चिठ्ठी अशी होती. "राइड चांगली आहे. मान दुखते. झुकझुक गाडी कधी चालू होणार?"

दर वेळी राइड बदलायची, शेवटचं वाक्य तेच. "पाणी गार आहे. झुकझुक गाडी कधी चालू होणार?" "भूत खोटं वाटतं, दात पांढरे हवेत. झुकझुक गाडी कधी चालू होणार?" कागदावर पासधारकाचं नाव लिहायला एक रकाना होता. मी मास्तर माणूस, रकाना रिकामा सोडवत नाही. माझ्या गळ्यात जो पास असायचा त्यावरचं नाव मी वळणदार अक्षरात उतरवायचो. सौ. चंद्राबाई गजानन भोईर.

ही झुकझुक गाडी म्हणजे लहान पोरांची आगगाडी. तीन डबे, गोल रूळ, दीड मिनिटाची फेरी. चंद्राबाई गेल्या त्याच सुमारास ती दुरुस्तीला म्हणून बंद झाली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. गजादादा दर खेपेला तिथे जायचे, रुळाबाहेर चपला काढायचे, आत जाऊन ताडपत्रीखाली वाकून बघायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा एकेक नाद.

एकदा मी चपलांचं विचारलं, तेव्हा ते त्या कडेच्या कठड्यावर बसले.

"हा आमचा खला, मास्तर. इतं भाताची मलनी व्हायची. खल्यात कोन चपला घालून जातो काय?"

मग त्यांनी सांगितलं. मळणीच्या दिवसांत ते पेंढा झाडायचे आणि मधल्या खांबाभोवती बैल फिरवायचं काम चंद्राबाईंचं. लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचं. पार्क झाल्यावर गजादादांनी त्यांना दर राइडपाशी नेलं, पण बाई कशात बसायला तयार नाहीत. 'मी काय पोर हाय का?' म्हणायच्या आणि ह्यांची टोपी-छत्री घेऊन खाली उभ्या राहायच्या. एका ह्या गाडीत मात्र बसल्या. अनवाणी. खळं होतं तिथेच गाडी गोल फिरते, आणि बैल फिरायचे त्याच बाजूने फिरते.

"बसली ना, का गाडीला हाकायची," गजादादा म्हणाले. "हिर्र, हिर्र करून. पोरा हसायची. दर रविवारी चार फेऱ्या. मना म्हनायची, तुमी जा वर उलटे व्हा, मी हितंच हाय."

 त्या दिवशी चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य मी त्यांनी सांगायच्या आधीच लिहून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी दरवर्षी पार्क नवीन राइडची आणि पुन्हा सुरू होणाऱ्या जुन्या राइडची यादी फाटकावर लावतं. यंदा यादी लागायच्या आठवडाभर आधी पुतण्या गजादादांकडे जेवणाच्या वेळी आला. चेहरा उतरलेला. ऑफिसात नकाशा पाहिला म्हणाला. खळ्याच्या जागी उंच मनोरा येतोय, वरून माणसं खाली सोडणारा. गाडी भंगारात.

गजादादांनी पानातला हात काढून घेतला. दोन दिवस त्यांच्या दारातून टीव्हीचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून माझ्याकडे आले. "मास्तर, सायबाकडं जाव. तुमी बोला. मी बोलाय गेलो त मना रागच येल."

साहेब म्हणजे पार्कचा नवा मॅनेजर, तिशीतला, कुठूनतरी लांबून आलेला, चहा विचारणारा. मी घसा साफ करून बोलायला सुरुवात केली, "आम्ही भोईर यांच्या वतीने..."

"भोईर?" तो खुर्चीतून उठलाच. कपाटातून त्याने चिठ्ठ्यांची एक जाड चळत काढली. माझं अक्षर मी दहा फुटांवरून ओळखलं.

"ह्या चंद्राबाई भोईर तुमच्या कोण?"

"माजी बायको," गजादादा म्हणाले.

"काका, ह्या बाईंनी आम्हाला हरवलं. दोन वर्षं एकच मागणं. मी वर दाखवलं सगळं. म्हटलं, एक बाई इतकं लिहितेय, तर न लिहिणाऱ्या किती असतील? गाडीच्या जागी मनोरा येणार होता, तो नकाशा रद्द झाला. मनोरा आता पार्किंगच्या बाजूला जातोय. गाडी रंगवून परत येतेय, त्याच जागेवर. मॅडमना सांगा, पहिली फेरी त्यांची. येतील ना त्या?"

मी गजादादांकडे बघितलं. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि सांगितलं तर पासांचं काय होईल तेही मला दिसत होतं. गजादादा टोपी हातात फिरवत होते. ती डोक्यावर नीट बसवून म्हणाले, "येल ती."

गाडी सुरू व्हायच्या दिवशी आम्ही वेळेवर पोचलो. मी सवयीने पासासाठी हात पुढे केला, तर त्यांनी दोन्ही पास स्वतःच्या मुठीत धरलेले.

"मास्तर, आज तुमी तिकीट काडा. आज तिचा पास तिला लागेल."

मी रांगेत उभा राहून तिकीट काढलं. आयुष्यात कुठलं तिकीट इतक्या आनंदाने काढलेलं मला आठवत नाही. फाटकावर पुतण्या सवयीने "या का..." एवढं म्हणाला आणि थांबला. त्याने दोन्ही पास एकामागून एक मशीनला लावले आणि काकांच्या हातात दिले.

गाडी नव्या रंगात उभी होती. गजादादांनी रुळाबाहेर चपला काढल्या. मी बूट काढले. मागच्या कुटुंबाला वाटलं नियमच असेल, त्यांनीही काढले. बघता बघता अख्खी रांग अनवाणी झाली आणि बाहेर लग्नाच्या मांडवात असतो तसा चपलांचा ढीग पडला. मॅनेजर फुलांचा गुच्छ घेऊन धावत आला तो हे बघून गोंधळला. मग त्यानेही निमूटपणे बूट काढले.

गजादादा पहिल्या डब्यात एका कडेला सरकून बसले होते. शेजारची जागा रिकामी. मी मागच्या डब्यात.

"काका, मॅडम?" मॅनेजरने विचारलं.

"बसलीय," गजादादा म्हणाले.

पोरगा शहाणा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तो वाकला आणि गुच्छ त्या रिकाम्या जागेवर अलगद ठेवला.

शिट्टी झाली तरी गाडी हलेना. पोरांनी गलका केला. तेवढ्यात पुढच्या डब्यातून आवाज आला, "हिर्र, हिर्र!" आणि गाडीने धक्का देऊन चालायला सुरुवात केली. पोरं खदखदून हसली, मीही हसलो. चष्मा मात्र पुसावा लागला. दीड मिनिट गाडी गोल फिरत होती आणि मला अजिबात मळमळलं नाही.

गाडी थांबल्यावर गजादादा लगेच उतरले नाहीत. शेजारच्या गुच्छाकडे वळून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "पीक बरा हाय ना?"

परतताना लाल पेटीपाशी त्यांनी नेहमीप्रमाणे मला पेन दिलं.

"काय लिहू?"

"लिवा, गाडी चांगली हाय."

मी लिहिलं. पुढच्या वाक्यासाठी थांबलो, पण आज पुढचं वाक्य नव्हतं.

"आणि खाली नाव?"

"तिचाच टाका," गजादादा म्हणाले, आणि माझं अक्षर नीट येतंय ना ते बघायला वाकून उभे राहिले.