तीन नंबरच्या खाटेचा मान

तानुबाई मासाळ बरी झाली, ही बातमी जगदाळे सरांना कोण सांगणार, यावर हृदयरोग विभागाच्या ड्युटी रूममध्ये अर्धा तास खल चालला होता. खल करणारी माणसं दोनच, डॉक्टर शिवांजली आणि डॉक्टर यशराज. दोघंही हृदयाच्या शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला. देवाची मर्जी आणि जगदाळे सरांची मर्जी एकाच दिवशी जुळली, तर शेवटच्या. परीक्षा उद्यावर आली होती.

"तू बरी केलीस, तूच सांग," यशराज म्हणाला.

"तू पण होतास ना टेबलाशी?"

"मी नुसती वायर धरली होती. फुगा तू फुगवलास."

आता रोगी बरा झाला म्हणून डॉक्टरनं तोंड लपवावं, असं त्यात काय होतं? तर होतं. एवढ्या मोठ्या परीक्षेला खरेखुरे रोगी लागतात, आणि नाणावलेला रोगी मिळणं हे चांगला बैल मिळण्याइतकंच अवघड. तानुबाई माणदेशातल्या एका वाडीची, मेंढरांमागं जन्म गेलेली. लहानपणी सांधे धरून ताप आला, तो सांध्यांतून गेला पण जाताना हृदयाची एक झडप आखडून गेला. त्या अरुंद झडपेतून रक्त जाताना खोल, घरंगळता आवाज यायचा. चार घरं पलीकडं कुणी जातं ओढावं तसा. डॉक्टर त्याला मर्मर म्हणतात. तानुबाई 'माजा आवाज' म्हणायची. असा मर्मर सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत नाही, असं जगदाळे सर पाहुण्यांना सांगायचे, ते अगदी स्वतः पाळल्यासारखं.

दरवर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलची पांढरी गाडी वाडीवर जायची. नवरा कोंडीबा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून, पटका बांधून पुढं बसायचा. तानुबाई हिरवं लुगडं नेसून मागं. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत काच खाली ठेवायची, ही तिची अट. वॉर्डात तीन नंबरची खाट तिची. आठ वर्षांत तिला सगळी परीक्षा पाठ झाली होती. परीक्षार्थीनं 'डाव्या कुशीवर व्हा' म्हणायच्या आत ती वळलेली असायची. एखाद्याची नळी घाबरून भलतीकडं टेकली, तर ती त्याचं मनगट धरून दोन बोटं खाली सरकवायची. परीक्षक पाठमोरे झाले की पदराआडून सांगायची, "आखडल्याली झडप हाय, म्हणून टाक." एकोणीस डॉक्टर तिनं पास केले होते. तीन नंबरच्या खाटेवर एकही नापास नाही, हे ती वाडीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

झडप उघडायला काय झालं होतं, असं कुणी विचारलंच तर सर म्हणायचे, अजून तशी वेळ आली नाही. पहिली काही वर्षं ते खरं होतं. पुढं ते तितकंसं खरं राहिलं नाही, पण तोवर दरवेळी परीक्षा जवळ आलेली असायची. तानुबाईलाही घाई नव्हती. आवाज गेला तर गाडी कशाला येईल?

तीन आठवड्यांपूर्वी मात्र कोंडीबा तिला हाताला धरून घेऊन आला. चार पायऱ्या चढून ती बसत होती. जगदाळे सर लेकीकडं अमेरिकेला गेले होते. त्यांच्या हाताखालच्या क्रांती मॅडमनी तपासलं आणि ही बाई कशाची वाट बघत होती, असं विचारलं. परीक्षेची, असं उत्तर कुणाच्या तोंडून निघेना. मॅडमनी त्याच दिवशी मांडीच्या शिरेतून फुगा घालून झडप उघडायची ठरवली आणि स्वतः शेजारी उभं राहून हात शिवांजलीचा लावला. तिचा हा पहिलाच. पडद्यावर फुगा कमरेत आवळलेला दिसत होता, तो एकदम मोकळा झाला, तेव्हा शिवांजलीला वाटलं, आपल्याच छातीतलं काहीतरी सुटलं. सरांना मी सांगते, असं मॅडम म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात बाळंतपणाच्या रजेवर गेल्या.

आता सर परतले होते. ड्युटी रूममधून शिवांजली दोनदा त्यांच्या केबिनपर्यंत जाऊन आली. पहिल्यांदा ते फोनवर नागपूरच्या परीक्षकांसाठी कंदी पेढ्यांची व्यवस्था बघत होते. दुसऱ्यांदा त्यांनीच तिला विचारलं, "तानुबाईला गाडी गेली का?" ती म्हणाली, जाईल सर, पण. सर म्हणाले, "पण-बिण न्हाई. तानुबाई हाय म्हंजे आपली परीक्षा हाय."

मग दोघांनी जुन्या रजिस्टरातून दुसरा मर्मर शोधायला घेतला. जतच्या एका बाईंची झडप कधीच बदलून झाली होती. बिरदेव नावाच्या एका गड्याचा फोन सुनेनं उचलला आणि मामंजी मेंढरं घेऊन कोकणात उतरलेत, होळीला येतील, असं सांगितलं. मलकापूरचे एक गृहस्थ आनंदानं आले. त्यांच्या छातीत आवाज भरपूर होता, पण तो विड्यांचा निघाला. संध्याकाळी पांढरी गाडी आली, तिच्यातून हिरवं लुगडं उतरलं आणि पायऱ्या भराभर चढून वॉर्डात गेलं. ते बघून यशराज म्हणाला की आता काही होत नाही, आता पास व्हायचं तेवढं बघायचं.

नापास म्हणजे आणखी सहा महिने. तीच होस्टेलची खोली, तेच जगदाळे सर. शिवांजलीचे वडील फौजेतून सुभेदार होऊन कोरेगावला परतलेले. त्यांनी निकालाच्या आधीच 'हृदयरोगतज्ज्ञ' अशी पाटी रंगवून घेतली होती आणि ती शेजारच्यांना दिसेल अशी ओसरीत टेकवून ठेवली होती.

सकाळी पहिला नंबर यशराजचा लागला, आणि खाट लागली तीन नंबरची. नागपूरचे वानखडे सर मोठे माणूस. चादरीवरून मर्मर ऐकतात, अशी त्यांची ख्याती. त्यांच्यासमोर यशराजनं काय ते वर्णन केलं! आवाज कुठं सुरू होतो, कसा घरंगळतो, कुठं विरतो. गतवर्षीच्या वहीतलं सगळं त्यानं आत्ता ऐकल्यासारखं सांगितलं. वानखडे सरांनी स्वतः नळी लावली, डोळे मिटले आणि मान डोलावली. जगदाळे सरांच्या चेहऱ्यावर पाळलेल्याचं समाधान पसरलं.

दुपारी शिवांजलीची चिठ्ठी निघाली. तीन नंबर.

तपासायला तिला अर्धा तास दिला होता. तिनं नळी टेकवली. आत स्वच्छ, मोकळे, एकामागून एक दोन ठोके पडत होते. ते ऐकताना तिला आधी बरं वाटलं आणि मग घाम फुटला.

"बाय, त्या पोरानं सांगितलं त्येच सांग," तानुबाई पुटपुटली. "मोठं सायेब लय खूश झालं."

"मावशी, आता तिथं काही नाही."

"न्हाई तर न्हाई. काय हाय त्ये कोण इच्यारतंय? काय सांगायचं त्ये इच्यारत्यात."

खोटं बोलायला शिवांजलीची तशी हरकत नव्हती. तीन वर्षांत 'हो सर' किती वेळा म्हटलं, त्याचा हिशेब कुणी ठेवलाय? पण हे एक खोटं काही केल्या जिभेवर चढेना. इथं मर्मर आहे म्हणायचं, म्हणजे आपल्या हातचं पहिलं नीट झालेलं काम बिघडलं म्हणायचं.

परीक्षक आले. वानखडे सरांनी विचारलं, काय ऐकू येतं?

"मर्मर नाही, सर."

"मग काय आहे?"

"हृदय आहे, सर."

जगदाळे सरांचा चेहरा बीट चिरल्यासारखा झाला. त्यांनी नळी ओढून घेतली, तीन ठिकाणी ऐकलं आणि मर्मर आहे, उत्तम आहे, असं सांगितलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. आठ वर्षांच्या सवयीनं त्यांना तो खरंच ऐकू आला. मग वानखडे सरांनी ऐकलं. "सकाळपेक्षा जरा नाजूक वाटतो," ते म्हणाले, "पण आहे. तीन वर्षं केलं तरी काय, बाळ?" आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

शिवांजलीनं मान खाली घातली. तानुबाई त्या पेनाकडं बघत होती. आठ वर्षांत तिच्या खाटेशी कुठलं पेन असं निघालं नव्हतं. ती शिवांजलीकडं बघायची, मग दाराशी बसलेल्या कोंडीबाच्या पटक्याकडं, मग पुन्हा पेनाकडं. शेवटी ती उठून बसली.

"आवं सायेब, जरा दम धरा. पोरगी खरं बोलती. ह्या पोरीनंच माजी झडप उघडली. ह्ये सायेब इमानात हुतं तवा."

"कोण म्हणतं?" जगदाळे सर म्हणाले.

"म्या म्हणती. झडप माजी हाय."

सरांनी वानखडे सरांना समजावलं की रोगी काहीबाही बोलतात, फाईल बघितल्याशिवाय काही खरं नाही. फाईल तर परीक्षेसाठी म्हणून त्यांच्याच कपाटात कुलपात होती. तानुबाईनं पदर खोचला. "मागल्या म्हैन्यात चार पायऱ्यांत बसत हुते. आता बगा म्हंजे झालं," असं म्हणून ती खाटेवरून उतरली आणि जिन्याकडं चालू लागली.

रोगी परीक्षा सोडून निघाला तर काय करायचं, याचा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. म्हणून सगळे तिच्यामागं गेले. तानुबाई माळावरून मेंढरं हाकणारी बाई, ती दोन मजले न थांबता चढली आणि वर कठड्याशी उभी राहिली, लुगड्याची चुणी न हलता. वानखडे सर पहिल्या मजल्यावर खिडकीतून उसाचे फड बघायला थांबले. जगदाळे सर इरेला पेटले होते. ते वरपर्यंत पोहोचले, पण शेवटच्या पायरीवर बसले ते बसलेच. एक हात कठड्यावर, एक छातीवर. अमेरिकेत लेकीनं फार प्रेमानं खाऊ घातलं होतं.

"सायेब, बोलू नगा," तानुबाई त्यांच्याशेजारी टेकली. "डाव्या कुशीवर व्हा."

वानखडे सर वर आले. सवयीनं त्यांनी जगदाळे सरांच्या छातीला नळी लावली, डोळे मिटले, आणि मान डोलावता डोलावता थांबले. सकाळपासूनचं सगळं त्यांना आठवलं असावं. त्यांनी कानातून नळी काढली आणि शिवांजलीपुढं धरली.

"तू ऐक. मी आधी काही सांगत नाही. हा तुझा शेवटचा प्रश्न."

शिवांजली पायरीवर गुडघे टेकून बसली. कठड्याशी कोंडीबा, खाली घामाघूम यशराज. तिनं ऐकलं, बाजू बदलून पुन्हा ऐकलं.

"आहे, सर. आधी टिक असा आवाज, मग बारीक मर्मर."

"कुणाला?" जगदाळे सरांनी डोळे उघडले.

"तुम्हाला, सर."

सर म्हणाले, शक्य नाही. तीस वर्षं ते लोकांची हृदयं ऐकत होते आणि त्या तीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या छातीला कुणाची नळी लागू दिली नव्हती. खाली नेऊन सोनोग्राफी केली. झडपेचं एक पाखं किंचित फुगत होतं. निरुपद्रवी गोष्ट, कितीतरी जणांना असते, धाप लागली ती निव्वळ वजनानं. शिवांजली पास झाली. यशराजही झाला. त्याला नापास करायचं, तर सकाळी डोळे मिटून मान डोलावणाऱ्यालाही करावं लागलं असतं.

तानुबाई मात्र जाताना गाडीची काच खाली न करता बसली. शिवांजली निरोप द्यायला आली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आता कशाला बोलावशील, बाय?" शिवांजलीला उत्तर सुचायला वर्ष गेलं.

वर्षभरानं पाटी ओसरीतून दारावर चढली होती आणि शिवांजली त्याच विभागात क्रांती मॅडमच्या हाताखाली कामाला लागली होती. परीक्षेचे रोगी जमवणं तिच्याकडं आलं. जगदाळे सर यंदा परीक्षक नव्हते, पण त्यांच्यासारखा टिकवाला मर्मर दोन्ही जिल्ह्यांत नव्हता. तिनं भीतभीत विचारलं. आठ दिवस ते तिच्या फायली सही न करता परत पाठवत राहिले आणि नवव्या दिवशी म्हणाले, फक्त विज्ञानासाठी. त्याच दिवशी तिनं वाडीला फोन लावला. नव्या रोग्याला शिकवायला जाणतं माणूस पाहिजे, गाडी पाठवते.

असे तीन नंबरच्या खाटेवर जगदाळे सर उघड्या अंगानं पडले होते आणि शेजारच्या स्टुलावर हिरवं लुगडं होतं.

"पोट आत वडू नगा, सायेब. पोरांला चुकतं."

सरांनी पोट सोडलं. परीक्षार्थी आला, पृथ्वीराज नावाचा. खाटेवर कोण आहे ते बघून त्याची नळी पार उजवीकडं जाऊन टेकली. परीक्षेत कुजबुजलं म्हणून तीन पोरांना ज्यांनी घरी बसवलं होतं, ते सर छताकडं बघत राहिले. तानुबाई नुसती सरांकडं बघत होती.

परीक्षक खिडकीकडं वळले. सरांनी हळूच पोराचं मनगट धरलं आणि डावीकडं आणून दोन बोटं खाली सरकवलं.

"टिक," ते पुटपुटले. "आधी टिक म्हणून टाक."

तानुबाईनं पदर तोंडाला लावला आणि दाराशी बसलेल्या कोंडीबाला बोटांनी खाटेचा नवा आकडा दाखवला. बावीस.