भुसाजीचं लख्ख आतडं आणि कोरडी बोर

एका जंगलात, बाळांनो, एक होता रानडुक्कर भुसाजी आणि एक होती त्याची बायको येसाई. चिखलात लोळावं, कंद उकरावेत, असा दोघांचा सुखाचा संसार.

भुसाजीचा एक नेम होता. दिवस उगवला की जाळीबाहेरच्या बोरीला पाणी घालायचं. घागरीनं नव्हे हो. हसलात, म्हणजे समजलात.

पुढं म्हातारपणी त्याला शौचाला रक्त पडू लागलं. येसाईनं त्याला धरून बगळेबुवांकडे नेलं. बगळेबुवा आतड्यांचे मोठे वैद्य. अंगावर पांढरंशुभ्र, मान हातभर लांब. चोचीच्या टोकाला काजवा बांधायचे आणि मागच्या दारानं आत जाऊन सगळं बघून यायचे. विद्या खरी होती, त्यात खोट नाही.

पण आतलं दिसायचं तर आधी आतडं धुवायला हवं. त्यासाठी दोन औषधं होती. एक घडाभर काढा, दिवसभर घोट घोट प्यायचा. दुसरा वाटीभर खार, दोन घोटांत काम तमाम. घडाभर कोण पीत बसणार? भुसाजीला वाटी आवडली. बुवांनाही वाटीच आवडत होती, कारण तिनं आतडं आरशासारखं होई.

येसाई तेवढी अडून बसली. म्हणाली, "बुवा, यांचं वय झालंय. पायाच्या सुजेवर लघवी जास्त करणारा पालाही चालू आहे. मूत्रपिंडांना सोसेल ना हा खार?"

"बाई, मी आतडं बघतो," बुवा म्हणाले. "मूत्रपिंडं पलीकडच्या पिंपळावर बघतात."

आणि त्यांनी एक पान हातात दिलं. पुढच्या बाजूला ठसठशीत लिहिलं होतं, पोट रिकामं ठेवा. मागच्या बाजूला मुंग्यांच्या पायांएवढ्या अक्षरांत आणखी काहीबाही होतं. ते कुणी वाचलं नाही. मागची बाजू वाचायची असते होय?

आता डुकरांच्या घराण्यात उपास म्हणजे निर्जळी. भुसाजीनं खार घेतला आणि तोंड मिटलं. दिवसभर जाळीमागं खेपा घालून त्याचे डोळे खोल गेले, जीभ लाकूड झाली. येसाई पाण्याचा द्रोण घेऊन मागं मागं फिरली.

"आमच्या सात पिढ्यांत उपासाला थेंब कुणी घेतला नाही," तो म्हणाला. "मी बुडवू काय घराणं?"

शेजारच्या सांबरीणबाई म्हणाल्या, नवरा असावा तर असा.

तपासणी झाली. बुवांनी आत एक गाठ पाहिली, साधी निघाली, तिथल्या तिथं खुडून टाकली. एवढं स्वच्छ आतडं जंगलात झालं नाही म्हणून त्याचं चित्र काढून वडाला टांगलं. भुसाजी मिरवत घरी आला आणि आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी बोर कोरडी. तिसऱ्या दिवशीही कोरडी. भुसाजीचं तोंड सुजलं, बोलणं बरळणं झालं. येसाई तडक वडाखाली गेली.

"बुवा, बोर कोरडी आहे."

"बोर माझ्याकडे येत नाही, बाई. आतडं बघा ना, कसं लख्ख आहे."

येसाईनं चित्राकडे पाहिलं. "हे चित्रच घेऊन जाते. सरणावर ठेवायला होईल."

तिनं नवऱ्याला ओढत पिंपळाखाली नेलं. तिथल्या मूत्रपिंडांच्या वैद्य घारीनं ते पान उलटून मागची बाजू वाचली. म्हाताऱ्यानं हा खार घेऊ नये. सुजेचा पाला चालू असल्यास आधी सांगावं. पाणी भरपूर प्यावं. घारीनं कपाळ बडवलं, पाला बंद केला आणि मोजून मोजून पाणी पाजायला बसली.

आठव्या दिवशी बोर ओली झाली. येसाई बोरीला धरून रडली. मूत्रपिंडं निम्मीच उठली, निम्मी आजही बसून आहेत. पण त्या साली बोरीला अशी बोरं लागली की फांद्या भुईला टेकल्या, आणि दोघांनी ती चिखलात बसून खाल्ली. जशी त्यांच्या बोरीला ओल आली, तशी तुमच्याआमच्या दारच्या बोरीला येवो.

तात्पर्य : वैद्याला आपलं वय, आपली औषधं सांगत बसू नये. पाणी किती प्यायचं हेही विचारू नये. त्याचा वेळ मोडतो. चित्र चांगलं आलं म्हणजे झालं. आणि मूत्रपिंडांचं म्हणाल, तर देवानं दोन दोन दिलीत, ती काय जपून ठेवायला?