कॅस्पियनची पोटं तपासणारे भागवतकाका

पहिल्या भेटीत भागवतकाका माणसाचं नाव विचारत नसत. सकाळपासून पोटात काय काय गेलं ते विचारत, तेही क्रमाने. जर्मनीत, लुडविग्सहाफेनमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात ते मला प्रथम भेटले, तेव्हा हातातली सूटकेसही खाली न ठेवता मी विमानातल्या उपम्यापासून सगळं सांगितलं. मग कुठे "मी भागवत, वरच्या मजल्यावर असतो" अशी ओळख झाली.

त्यांचं कामच ते होतं. जवळच्या एका छोट्या संशोधन संस्थेत कॅस्पियन समुद्रातल्या माशांची पोटं बरण्यांतून येत, आणि मासा शेवटचं काय जेवला ते काका सूक्ष्मदर्शकाखाली शोधत. स्वतः पक्के शाकाहारी. माशाचा तुकडा कधी तोंडात घातला नाही, पण माशांच्या आवडीनिवडी घरच्या माणसांसारख्या सांगत. कॅस्पियन त्यांनी पाहिलाही नव्हता. चहूकडून जमीन, नद्या आणतील तेवढंच पाणी, म्हणून ते त्याला माहेर नसलेला समुद्र म्हणत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बाहेरून आलेल्या एका जेलीसारख्या प्राण्याने तिथल्या लहान माशांचं खाणं फस्त करायला घेतलं होतं. बरण्यांतून रिकामी पोटं निघाली की काकांचा चेहरा पडे. "आज पुन्हा सगळे उपाशी," एवढंच बोलून ते जिना चढत. माशांमध्येच काही खोट असेल असं मी एकदा म्हणालो, तर चिडले. "आल्झो, हे बघ, माशाला नावं ठेवायची नाहीत. आधी पाणी बघायचं."

त्याच सुमारास आमच्याकडे बाळ होणार होतं आणि माझ्या बायकोचं, माधवीचं, अन्न तुटलं होतं. ओकाऱ्या कधीच थांबल्या होत्या, तपासण्या ठीक होत्या, तरी वजन घटत होतं. बाळ नीट वाढत नाहीये, असंच चाललं तर हॉस्पिटलात ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी घाबरून थालीपीठ करून बघितलं. त्याने परिस्थिती आणखी बिघडली.

काकांनी हे ऐकलं आणि तपास हाती घेतला. इथे काय खातेस हे त्यांनी विचारलंच नाही. सांगलीला कशी जेवायचीस, ते विचारलं. माधवी सांगू लागली. एकत्र कुटुंब, काकू, आत्या, चुलत भावंडं, सगळ्यांची एकच पंगत, जरा नजर हलली की पानातली भजी गायब. आणि इथे मी दिवसभर कारखान्यात, ही घरात एकटी.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. "काही मासे थव्यात असले तरच चरतात. एकट्याला टाकीत ठेवलं तर समोरच्या खाण्यालाही तोंड लावत नाहीत. तुझी भूक शाबूत आहे, पोरी."

दुसऱ्या दिवसापासून काका दुपारी डबा घेऊन संस्थेतून सायकलवरून आमच्या घरी येऊ लागले. बर्फ पडत असला तरी यायचे. समोर बसून जेवायचे आणि तिच्या पानातली कोशिंबीर न विचारता उचलायचे. माधवी आधी हसली, मग वैतागली, मग पान राखण्यासाठी भराभर जेवू लागली. वजन वाढलं, बाळही वाढलं. आज माझी धडधाकट लेक समोरून गेली की मी मनातल्या मनात काकांना हात जोडतो.

सातव्या महिन्यात सासूबाई आल्या. त्यांनी काकांचे मनापासून आभार मानले आणि म्हणाल्या, आता मी आहे, तुम्ही उगाच धावपळ करू नका. काका "बरं झालं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

शनिवारी दुपारी माधवीला ते खिडकीतून दिसले. खालच्या बाकावर बसले होते, शेजारी न उघडलेला डबा. ती अवघडल्या अंगाने जिना उतरली, तिच्या मागोमाग मी. जेवलात का, असं तिने विचारलं.

"आमची ही गेल्यापासून मी जेवण नुसतं उरकतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे तेवढा जेवलो."

माधवीने डबा उचलला. "चला वर. आईने तुमचं पान घेतलंय," असं म्हणून ती जिन्याकडे वळली, आणि काका निमूट तिच्या मागे निघाले.

पान घेतलेलं नव्हतं. मी त्या दोघांना ओलांडून धावत वर गेलो आणि चौथं ताट मांडलं.