कृपया वाका

आमच्या मार्गावर, दोन स्टेशनांच्या मधोमध, एक वळण आहे. तिथली कुंपणाची भिंत लोकांनी येण्याजाण्याच्या सोयीसाठी पाडली. सोय झाल्यावर संध्याकाळी तिथे एक टोळके बसू लागले आणि करमेना म्हणून जाणाऱ्या गाडीवर दगड मारू लागले. टोळक्यातले कोण कोणाच्या घरचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून कोणी कोणाला सांगत नव्हते.

एका नर्सबाईंचे कपाळ फुटल्यावर आमचा प्रवासी संघ जागा झाला. संघाचा चिटणीस या नात्याने मी शिष्टमंडळ घेऊन रेल्वे खात्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेलो. साहेबांनी आम्हाला बसवले, चहा पाजला आणि विषय नीट फोड करून समजावला.

"हे पाहा, दगड रुळांजवळ पडलेला असतो तोवर आमचा. तो कोणी हातात घेतला की पोलिसांचा. काच फुटली की परत आमचा."

"आणि मधे, हवेत असताना?" नर्सबाईंनी विचारले. त्यांच्या कपाळावर पट्टी होती, त्यामुळे त्या जरा फटकळपणे बोलत होत्या.

"तेवढा वेळ तो कोणाचाच नसतो," साहेब खेदाने म्हणाले. "सगळी अडचण तिथेच आहे."

तरीही खाते हातावर हात ठेवून बसले नाही. खिडक्यांना लोखंडी जाळ्या लागल्या. त्या चांगल्या प्रतीच्या होत्या, त्यामुळे टिकल्या नाहीत. पुढे आमच्या संघातल्या दोघातिघांच्या घरांना अगदी गाडीच्या खिडकीच्या मापाच्या जाळ्या दिसू लागल्या, पण माप एकसारखे असणे हा काही गुन्हा नाही. जाळ्या गेल्यावर साहेबांनी फार खोलवर विचार केला. दगड थांबवता येत नाही, खिडकी झाकता येत नाही. मग या व्यवहारात हलवता येण्यासारखे उरले काय? प्रवाशाचे डोके.

लवकरच डब्यात घोषणा सुरू झाली: 'वळण येत आहे. कृपया वाका.'

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी न हसता वाकले. माणसाला सवय लागते, आणि लागलेल्या सवयीचा अभिमान तर त्याहून लवकर वाटू लागतो. जुने प्रवासी घोषणेच्या आधीच वाकून दाखवू लागले. नवखा कोणी ताठ बसलेला दिसला की बाकीचे गुडघ्यांतून तोंड वर काढून कुजबुजत, "पहिल्यांदाच आलेला दिसतोय." स्टेशनाबाहेर एकाने मानेच्या व्यायामाचा वर्ग काढला, दुसऱ्याने कपाळाखाली घ्यायच्या उशा विकायला मांडल्या. नर्सबाई मात्र वाकेनात. "मी तिकीट बसायचं काढलंय," त्या म्हणत. त्यांना पुन्हा दगड लागला तेव्हा खात्याने बेशिस्तीबद्दल त्यांना लेखी ताकीद दिली. संघाच्या वतीने मी ताकिदीचे स्वागत केले.

पण खिडक्यांत तोंडेच दिसेनात म्हटल्यावर टोळक्याचा विरस झाला. रिकाम्या खिडकीवर दगड मारण्यात काय मजा? त्यांनी दगड फक्त इंजिनासाठी राखून ठेवले आणि रुळांवर सामान मांडायला सुरुवात केली. आधी एक मोडकी खुर्ची, मग टायर, मग सिमेंटचा खांब. साहेबांनी दगडफेक घटल्याचे जाहीर करून आमचे अभिनंदन केले. रुळावरचा खांब कोणाला मारलेला नसतो, तो स्वस्थ पडलेला असतो. त्यामुळे तो दगडफेकीत धरला जात नाही.

उरला प्रश्न ड्रायव्हरांचा. सगळे दगड आता त्यांच्याच काचेवर येत होते. कर्मचाऱ्यांच्या जिवाची खात्याला काळजी असतेच. हुकूम निघाला: वळणावर ड्रायव्हरनेही वाकावे.

इथे सांगायला हवे, त्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. हुकूम हातात घेऊन तो थेट आमच्या घरी आला.

"दाजी, मी वाकलो तर पुढे बघणार कोण?"

"खाली मान घालून नोकरी करायला सांगतायत रे. जग तेच करतंय."

"अहो, पण तिथे रोज काहीतरी आडवं पडलेलं असतं! मागे डबे भरून माणसं बसलेली असतात. तुम्हीही असता!"

"म्हणजे माझ्यामुळे तू हुकूम मोडणार? माझं नाव नको घेऊस बाबा."

"ताई, तू तरी सांग यांना."

बायको म्हणाली, "त्यांना सांगून झालंय माझं, लग्न झाल्यापासून. तू बघत जा पुढे. डोळा सांभाळ तेवढा."

तेवढेच त्याला जमले नाही. त्या संध्याकाळी आम्ही सगळे शिस्तीत वाकलेलो असताना गाडीने असा काही ब्रेक मारला की समोरच्या बाकावर एकजात कपाळे आपटली. खाली उतरून पाहतो तर इंजिनापुढे चार पावलांवर गटाराचे सिमेंटचे झाकण रुळावर आडवे. मेहुण्याच्या बाजूची काच फुटलेली आणि उजव्या डोळ्यावर हात. बोटांमधून रक्त गळत होते. नर्सबाई गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे धावल्या. आम्ही बाकीच्यांनी घड्याळे पाहिली.

चौकशी झाली. संघातर्फे मी हजर होतो. मेहुण्याच्या डोळ्यावर मोठी पट्टी होती.

साहेब मृदू आवाजात म्हणाले, "वळणावर तुम्ही वाकला होता का?"

"नाही साहेब. झाकण दिसलं म्हणून ब्रेक मारला. गाडी वाचली."

"ते झाकणाचं नंतर बघू. तुम्हाला ते दिसलं, हे कबूल?"

"दिसलं म्हणून तर..."

"म्हणजे तुम्ही वर पाहत होता." साहेबांनी खेदाने मान हलवली. "आता याहून वेगळा पुरावा काय हवा? वाकला असता तर डोळा शाबूत राहिला असता."

"आणि गाडी?"

"गाडीला काही झालेलंच नाही. न झालेल्या अपघाताची नोंद मी कशात करू?"

मग आमच्या संघाची तक्रार वाचली गेली: अचानक ब्रेकमुळे टेंगळे आली, सर्वांना घरी पोहोचायला उशीर झाला, संबंधितावर कारवाई व्हावी. सर्व प्रवाशांच्या सह्या होत्या, एका नर्सबाईंची सोडून. मेहुण्याला निलंबित केले. झाकण उचलून रुळाच्या कडेलाच ठेवले, म्हणजे कोणाला लांबून आणावे लागू नये.

घरी आल्यावर बायकोने विचारले, "तुम्हीही सही केलीत?"

"चिटणीस म्हणून केली. दाजी म्हणून उद्या दवाखान्यात संत्री घेऊन जातोय."

दुसऱ्या दिवसापासून ती गाडी सोडून बसने जाऊ लागली. वेळ जास्त लागतो, पण ऐकेल कोण.

आता नवा ड्रायव्हर आला आहे. गुणी माणूस. वळणाच्या कितीतरी आधीपासून वाकतो आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत मान वर करत नाही. गाडी वेळेवर धावते, उशांचा खप वाढला आहे, तक्रार एकही नाही. संध्याकाळी वळणावर एवढी मोठी गाडी भरधाव जाते आणि तिच्यात समोर पाहणारे कोणीही नसते. इतकी शांतता या मार्गावर पूर्वी कधी नव्हती.

आपणही कधी या गाडीने या. आपल्याला काही शिकावे लागणार नाही. हे वाचतानाच पाहा ना, केव्हापासून मान खाली घालून बसला आहात, आणि पुढे काय येते आहे हे एकदाही वर पाहून तपासलेले नाही.