नळीचा मऊपणा गेला कुठे?

एका जंगलात, मुलांनो, राजा कधीच निवृत्त झाला होता. त्याच्या गुहेत आता दवाखाना होता. चांगला मोठा, आत शिरताना पंजे धुवावे लागत असा. हसू नका, गोष्ट दवाखान्याची आहे.

तिथे एका साळिंदरबाईंची मुलगी ॲडमिट होती. नाव सुळकी. ओंजळीत मावेल एवढीशी. तिला गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटापर्यंत प्लास्टिकची नळी घातली होती. त्या नळीतून दूध जाई. नळी नसती तर सुळकी वाचली नसती, हे आधीच सांगून टाकतो. मी दवाखान्याच्या विरुद्ध नाही.

सातव्या दिवशी खार सिस्टरने नळी बदलली. जुनी बाहेर आली ती ताठ होऊन. साळिंदरबाईंनी ती वाकवून पाहिली. ताठपणातलं त्यांना कळत होतं, सगळा जन्म काट्यांत गेलेला.

"सिस्टर, घातली तेव्हा ही गांडुळासारखी मऊ होती ना?"

"होती हो ताई. सगळ्यांच्याच अशा निघतात."

"मग मऊपणा गेला कुठे?"

सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "हे प्लास्टिक मुळात कडकच असतं. मऊ व्हावं म्हणून त्यात एक तेलकट रसायन घालतात. ते हळूहळू सुटतं, दुधात उतरतं."

"आणि दुधातून?"

सिस्टरने सुळकीच्या पोटाकडे पाहिलं आणि उगाचच चादर नीट केली.

साळिंदरबाई नळी घेऊन तडक तज्ज्ञ समितीकडे गेल्या. समितीत तिघेही हत्ती होते, कारण खुर्च्या हत्तींच्या मापाच्या होत्या.

"बाई, ही नळी आम्ही स्वतःच्या सोंडेत घालून पाहिली आहे," अध्यक्ष म्हणाले. "आम्हांला काहीही झालं नाही."

"तुम्ही हत्ती आहात, साहेब. माझी पोर तुमच्या नखाएवढी आहे."

"वजनाचा मुद्दा वेगळ्या समितीकडे जातो."

"शिवाय," दुसरे हत्ती म्हणाले, "साळिंदराच्या पोटात गेलेली वस्तू ताठ होणारच. त्यात नळीचा काय दोष?"

"ते रसायन नसलेली नळी मिळत नाही का?"

"मिळते ना. पण मग मागणीचा फॉर्म बदलावा लागेल."

तरी समितीने तक्रारीची गंभीर दखल घेतली, बरं का. संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला. यापुढे नळी ताठ व्हायच्या आतच, म्हणजे रोज बदलावी.

मग रोज सकाळी सुळकीच्या नाकात नवी कोरी, मऊ नळी जाऊ लागली.

"सिस्टर, म्हणजे आता रोज ताजं रसायन?"

"ताई, आता नळी ताठ निघते का?"

"नाही."

"मग तक्रार मिटली. तसं वर लिहूनही गेलंय," सिस्टर म्हणाली. तिला आईच्या डोळ्यांकडे बघवेना.

मला अजून याचा राग येतो. असो.

सुळकी बरी झाली, घरी आली, शाळेत जाऊ लागली. पण वर्गात तिचं चित्त थाऱ्यावर नसे. बेचा पाढा सुरू केला, की बे त्रिकला ती खिडकीबाहेर. याचा नळीशी काही संबंध होता का? समितीने तपासलं नाही, म्हणजे नव्हता.

एक दिवस घुबड गुरुजींनी आईला बोलावून घेतलं. "पोरीचं लक्ष म्हणून नाही. घरी शिस्त दिसत नाही तुमच्या."

साळिंदरबाईंनी पिशवीतून ती पहिली ताठ नळी काढली. इतकी वर्षं जपून ठेवली होती. टेबलावर ठेवून त्यांनी सगळी हकिकत सांगितली. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग नळी उचलली आणि हवेत सपकन फिरवून पाहिली.

"छान आहे," ते म्हणाले. "वर्गातली छडी कालच मोडली."

तात्पर्य: मुलांनो, दवाखान्यातली कोणतीच वस्तू वाया जात नाही. तिचा मऊपणा तुमच्या पोटात जातो आणि ताठपणा पाठीवर पडतो. म्हणून वर्गात नीट लक्ष द्यावं.