हकीगत चौकोनी चिरुटाची आणि उस्ताद मकारियो यांच्या पाचव्या पानाची

श्री माता रोसारियो प्रसन्न.

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी दोन्या त्रान्सितोबाई, उमर वर्षे चौऱ्यांशी, कारखान्याच्या थोरल्या धनीणबाई, मुक्काम एस्तेली, यांचे सेवेसी आज्ञाधारक आबेलिनो, दिमत पेटीखाते, कृतानेक दंडवत. विज्ञापना ऐसी की, बाईसाहेबी हुकूम फर्माविला, चौकोनी चिरुटाचे युद्ध कैसे जाहले याची वार्ता गावात ज्याची त्याची निराळी आहे, न्हाव्याकडे एक आणि चर्चच्या पायरीवर दुसरी, तरी तू समक्ष होतास, खरे ते लिहोन काढणे. हुकुमाप्रमाणे लिहितो. सेवकाचे काम चिरूट फळ्यांमध्ये घालोन दाबण्याचे, म्हणोन सेवकाचे मन चौकोनाकडे कलते हे आरंभीच कबूल. बाकी पदरचे काही घातले नाही, आणि घातले असेल ते शोभेपुरते.

युद्धाचे मूळ ऐसे. सन दोन हजार सोळा, मार्च महिना. बाईसाहेब रोज भोजनोत्तर अंगणात झुलत्या खुर्चीवर विराजमान होतात आणि एक चिरूट ओढितात, हा शिरस्ता थोरल्या धन्यांचे हयातीपासोनचा. चिरूट गोल आणि खुर्ची झुलती. मग चिरूट खुर्चीच्या हातावर ठेवोन कॉफीचा पेला उचलावा, तो चिरूट घरंगळे, आणि एकवार तो मांजराचे पाठीवर पडला, आणि एकवार कोंबडीने त्यास किडा समजोन पळविला, आणि तिसरे वेळी नव्या परकरास कोर्दोबाच्या नाण्याएवढे भोक पाडिले. शिवाय, आगळीक माफ असावी, मुखी दात मोजके उरलेले, आणि गोल चिरूट धरावयास तोंडाचा चंबू करावा लागे तो बहुत वेळ टिकेना. मग हुजुरातून फर्मान सुटले की, ठेवल्या जागी राहील आणि ओठांत निमूट बसेल ऐसा चिरूट पैदा करणे, रविवारी केळीच्या पानात उकडिलेल्या नाकातमालाची न्याहारी उरकली म्हणजे आम्ही जातीने पारख करू.

फर्मान तिसऱ्या मेजावर आले. त्या मेजावर हुन्नरमंद उस्ताद मकारियो हे पाने जमवोन चिरुटाचे पोट भरितात, आणि त्यांचे उजवे हाती दोन्या निकोलासाबाई वरचे पान चढवितात. एकाने पोट भरावे, दुसरीने अंगरखा घालावा, आणि चिरूट बरा निघो की वाईट, दोघांचे नावे लागावा, ऐसी येथील चाल. सव्वीस वर्षे दोघे एका मेजावर. उस्तादांची बायको घरी आहे, बाईंचा नवरा ट्रक चालवितो, परंतु उस्तादांचे गुडघे कोणत्या दिवशी दुखतात हे बाईंस आधी कळे आणि मग घरी कळे.

उस्तादांची अब्रू म्हणजे भर. त्यांचे चिरुटास बोट दाबोन पाहावे आणि बोट आत जावे, ऐसे सव्वीस वर्षांत जाहले नव्हते. त्यांची फौज चार पानांची. हालापाकडील मवाळ पाने दोन, कोंदेगाचे मधल्या स्वभावाचे एक, आणि एस्तेलीचे तिखट एक, ते सरदार. मग उस्तादांनी ऐकिले की हा चिरूट फळ्यांमध्ये घालोन चहूंकडोन दाबणार, आणि त्यांस कळवळा आला की बिचाऱ्यावर एवढा मारा होणार, तरी किल्ल्यात कुमक असावी, आणि कोणास न कळविता चारावर पाचवे पान दाखल केले. सद्‌हेतूने केलेला घात तो हाच.

मग सेवकाने तीन पेट्या दाबोन काढिल्या. रूप ऐसे की सोनाराने कोन काढावे. बाईसाहेबांचे चिरंजीव, हल्लीचे धनी, यांनी एक पेटविला आणि ओढिला, आणि गाल आत गेले, डोळे बाहेर आले, धूर काही आला नाही. दुसरा पेटविला, तीच गत. मग धनी बोलले की बहुधा वरचे पान घट्ट गुंडाळिले असेल, आणि तिन्ही पेट्या तिसऱ्या मेजावर परत रवाना केल्या. वरचे पान म्हणजे निकोलासाबाई. सारा कारखाना ऐकत होता, आणि बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल जाहल्या हे सेवकाने पाहिले. याउपर जे बोलणे जाहले ते दरबारी भाषेत बसत नाही, सबब जैसे ऐकिले तैसेच लिहितो.

"धूर कुठंय, उस्ताद?"

"कोपऱ्यात अडकतो. गोल जन्मलेल्याला चौकोनी करायला गेलं की दुसरं काय होणार?"

"धूर काय पोरगं आहे, कोपऱ्यात उभं राहायला?"

ऐसे म्हणोन बाईंनी वाटोळ्या पात्याची सुरी घेतली आणि परत आलेला चिरूट उभा चिरिला, आणि आतील पाने मेजावर एकेक मांडिली. चार मांडिली आणि हातात एक उरले.

"हे कोण?"

"ते... मदतीला. दाबणार म्हणाले ना."

"मदतीला! अहो, दाबायचं तर आतल्यांना सरकायला जागा नको? बसमध्ये माणसं कोंबल्यावर खिडकीतून वारा येतो का कधी? चौकोनीला गोलापेक्षाही कमी लागतं. साडेतीन पानं, बस."

"साडेतीन? लोक बोट लावून बघतील. म्हणतील, मकारियोचा चिरूट पोकळ."

"आणि माझं पान घट्ट म्हणाले ते? ते कोण ऐकून घेणार? सातव्या मेजावरचा माणूस मला दोनदा विचारून गेलाय. रविवारी हा चिरूट ओढला गेला नाही, तर सोमवारी मी तिकडे बसते."

उस्तादांनी दुपारी डब्यातील कोवळ्या मक्याची गुइरिला भाकर आणि ताजे चीज तैसेच परत नेले, आणि ज्यांनी उस्तादांस जेवताना पाहिले आहे त्यांस यावरोन मनाची स्थिती कळेल.

शनिवारी मोठी निकराची लढाई जाहली, आणि ती उस्तादांची त्यांच्याच डाव्या हाताशी. साडेतीन पाने घ्यावी, आणि पोटाच्या पानांची मोळी वळता वळता डावा हात आपोआप ढिगाकडे जाई आणि पान आत घाली. मग उस्तादांनी मोळी सोडावी, पुन्हा वळावी, आणि हात पुन्हा फितूर. ऐसे नऊ वेळा जाहले. सव्वीस वर्षे ज्या हातास शाबासकी दिली तो एका सकाळीत कैसा ऐकणार? सेवक चौकोनाच्या पक्षाचा खरा, परंतु त्या दिवशी सेवकास उस्तादांचे वाईट वाटले, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मग दहावे वेळी उस्तादांनी चौथे पान मधोमध फाडिले, अर्धे मोळीत घातले, आणि उरलेले अर्धे उजवीकडे पुढे केले.

"हे धरा. मी मागितलं तरी देऊ नका."

बाईंनी ते घेतले आणि अॅप्रनच्या खिशात ठेविले. मग दुसरे, मग तिसरे, ऐशी वीस अर्धुके त्या खिशात कैद जाहली, आणि दोन वेळा उस्तादांनी खरोखर मागितली आणि दोन्ही वेळा बाईंनी नुसती मान हलविली. मोळी बाईंचे हाती आली तेव्हा त्यांनी अंगठ्याने चाचपिली, आणि अंगठा आत गेला. उस्ताद खाली जमिनीकडे पाहात होते. बाईंनी वरचे पान ऐसे सावकाश चढविले की एका चिरुटास दोन चिरुटांचा वेळ लागला. मग सेवकाने वीसही फळ्यांत घालोन आवळिले, आणि खरे सांगावयाचे तर आवळताना माता रोसारियोचे नाव घेतले.

रविवारी अंगणात दरबार भरला. न्याहारी जाहली, कॉफी आली, आणि बाईसाहेबी चौकोनी चिरूट उचलोन हिऱ्यासारखा निरखिला आणि ओठांत धरिला. चंबू करावा लागला नाही. पेटविला आणि एक झुरका घेतला, आणि धूर आला. निळा, जाड, न मागता आला. मग बाईसाहेबी तो खुर्चीच्या हातावर ठेवोन खुर्ची मुद्दाम तीन वेळा झुलविली, आणि चिरूट ठाण मांडोन राहिला, आणि कोंबडी दुरोन पाहोन निघोन गेली. अर्धा जळेतो हुजूर ओढीत राहिले, आणि त्या अर्ध्या चिरुटाचे वेळात उस्तादांनी हातातील टोपीचा बोळा केला.

"गार लागतोय धूर. गोल असता तर एव्हाना जीभ पोळली असती. आणि पानाची चव आधी येते, पोटाची मागून," बाईसाहेब बोलल्या. "पोट कुणी भरलं?"

"मी, दोन्या."

"हात हलका झालाय तुझा, मकारियो."

ज्या माणसाने जन्मभर जड हाताची कमाई खाल्ली, त्यास भरल्या अंगणात हे ऐकणे म्हणजे कपाळी घाव. परंतु उस्तादांनी मान झुकविली आणि घाव घेतला. मग फर्मान जाहले की, उद्यापासोन आमचे नावे चौकोनीच करणे, आणि वरचे पान घट्ट म्हणणाराने दोन्या निकोलासाची माफी मागणे. धन्यांनी तेथेच मागितली.

मंडळी पांगली तेव्हा उस्ताद बाईंपाशी गेले. सेवक पेटी बंद करण्याचे निमित्ते जवळच होता.

"मग... सातवं मेज?"

बाईंनी खिशात हात घातला आणि वीसही अर्धी पाने काढोन त्यांचे हाती दिली.

"याचा एक गोल करा. तुमच्यासाठी. भरा हवा तेवढा, मी मोजणार नाही."

"दहा पानांचा? धूर नाही यायचा."

"मला ठाऊक आहे. तुम्ही करा. पान मी चढवीन."

येणेप्रमाणे एस्तेलीच्या अंगणी चौकोनाची फत्ते जाहली. मुलूख तसूभर वाढला नाही, खंडणी आली नाही, शत्रू कोण होता याचाही निकाल लागला नाही. सोमवारी सकाळी सातास सेवकाने पेटीखात्याचे दारातोन जातीने पाहिले की तिसऱ्या मेजावर उस्ताद मकारियो मनगटाएवढी जाड मोळी वळीत होते, आणि दोन्या निकोलासाबाई त्यास पुरेल ऐसे मोठे पान ढिगातोन शोधीत होत्या. हे खरे म्हणोन लिहिले.