आण्णांची मातीची किटली

आमचे शेजारी आण्णा मगदूम पाहुण्याला चहा देत नसत, पाहुण्याची परीक्षा घेत. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की समोर दोन कप यायचे. एकात स्टीलच्या भांड्यातला चहा, दुसऱ्यात मातीच्या किटलीतला. दोन्ही बिनदुधाचे, बिनसाखरेचे.

"डोळं मिटा, पावणं. आता सांगा, मातीतला कंचा?"

चुकलात की ऐकायचं, "जीभ हाय का पायताण?"

किटली बुटकी, तांबूस, हाताला खरखरीत. आण्णा कागलच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीत ओतकामाचे मातीचे साचे करून निवृत्त झालेले, त्यामुळे मातीवर अधिकारानं बोलायचे. "झिलई म्हंजी मातीला रेनकोट. ही उघडी हाय. रोजचा चा थोडा थोडा पिती, तुरटपणा गिळती, आन् जुनी चव परत देती." म्हणून तिला साबण कधी नाही. फक्त कढत पाणी.

मला त्या दोन कपांतला फरक कधीच कळला नाही. मी डोळे किलकिले ठेवून कुठला कप किटलीतून भरला ते बघायचो आणि म्हणायचो, "वा आण्णा, काय चव आहे!" संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर त्यांची नक्कल करायचो. लोक पोट धरून हसायचे. शाळेत मास्तर असल्यानं नकला मला बऱ्या जमतात.

मध्यंतरी आण्णा हुपरीला थोरल्या बहिणीकडं, आक्कांकडं, लग्नाला गेले. आठ दिवस. जाताना किटली माझ्या हातात दिली. "मास्तर, रोज एकदा चा करा हिच्यात. उपाशी ठेवू नका."

पहिल्या दिवशी केला, आणि चोथा आतच विसरलो. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर पांढरी बुरशी! घाबरून भांड्यांचा लिंबाचा साबण घेतला आणि काथ्यानं आतून-बाहेरून खसाखसा घासली. नव्यासारखी झाली.

आण्णांनी आल्या आल्या चहा टाकला. पहिला कप मला. एक घोट घेतला आणि तोंडभर लिंबाचा साबण.

"कसा लागतोय?"

"एक नंबर, आण्णा."

मग त्यांनी आपला कप ओठाला लावला. मी श्वास रोखून बसलो. ते घोट घोट प्याले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मग! हुपरीत आठ दिस नुसतं गोड पाणी प्यालोय."

लाज तिथंच वाटायला हवी होती. मला आनंद झाला. त्या संध्याकाळी कट्ट्यावर मी सांगितलं, "साबणाचं पाणी प्याले आणि मिटक्या मारल्या!" इतका हशा मला कधी मिळाला नव्हता.

दोन दिवसांनी आक्का लग्नाचे लाडू घेऊन आल्या. आण्णा बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला गेले होते, म्हणून आमच्याकडं टेकल्या. मी त्यांनाही आण्णांच्या परीक्षेची गंमत सांगू लागलो. त्या हसल्या नाहीत.

"त्याला कुठली चव, मास्तर? कोरोनात सुशीला गेली, आन् ह्याची जीभ गेली ती आलीच न्हाय. मीठ का साखर, कळत न्हाय त्याला."

किटली सुशीलावहिनींची, म्हणजे आण्णांच्या बायकोची होती. त्यांना दूध पचत नव्हतं, म्हणून आण्णांनी कुंभाराजवळ उभं राहून ती करून घेतली होती. वीस वर्षं त्या तिच्यातलाच चहा प्याल्या.

"तिचा चा मातीत मुरलाय म्हणतोय. हाय का गेला, त्याला कळंना. म्हणून आल्यागेल्याला इचारत बसतोय."

मला आक्कांकडं बघवेना. मी जे जे "वा" म्हणालो होतो, ते सगळे "वा" कानात वाजायला लागले.

संध्याकाळी कट्ट्यावर न जाता आण्णांकडं गेलो. बुरशी, साबण, काथ्या, सगळं सांगितलं. कट्ट्यावरच्या नकलाही सांगितल्या. आण्णांनी किटली उचलून नाकाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली.

"तुम्ही डोळं उघडं ठिवताय, ते ठावं हुतं मला," ते म्हणाले. "पर ते 'वा' खरं वाटायचं की हो."

त्यांनी किटली माझ्यापुढं सरकवली.

"आता रोज यायचं. साबण जाईपतोर. आन् खोटं बोलायचं न्हाय."

मी रोज गेलो. "आज?" "आहे अजून, आण्णा," म्हटलं की ते सगळा चहा मोरीत ओतायचे आणि किटलीत पुन्हा कढत पाणी घालून ठेवायचे. असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी घोट घेतला आणि थांबलो. दुसरा घेतला.

"गेला, आण्णा. साबण नाही."

त्यांचा हात किटलीवरच राहिला.

"आन् तिचा?"

मी तो घोट तोंडात बराच वेळ धरला. सुशीलावहिनी गेल्यावर आम्ही इथं राहायला आलो. त्यांच्या हातचा चहा मी कधी प्यालोच नव्हतो.

"ते मला नाही सांगता येत."

"बरं," आण्णा म्हणाले. मग माझ्या हातातला तो उष्टा कप त्यांनी घेतला आणि खिडकीकडं तोंड करून उरलेला चहा सावकाश संपवला.